सलंग उतरलेले मासे

पाणी दारातून आलं नाही, मोरीतून आलं.

गोकुळाबाईनं न्हाणीघराच्या जाळीवर पाटा ठेवला, पाट्यावर पाय देऊन ती उभी राहिली, तरी कडेकडेनं पाणी फुगून वर येतच होतं. तिनं ओंजळ भरून पाहिलं. साबणाचा फेस नव्हता, नालीचा वास नव्हता. हिरवट पाणी, त्यात शेवाळाचे धागे आणि एक इवलासा शिंपला. तलाव घरात आला होता.

आतल्या खोलीत तिची बाळंतीण सून रंजीता बाळाला कुशीत घेऊन पलंगावर बसली होती. पलंगाच्या पायांखाली तिच्या नवऱ्यानं, मिथुननं, सकाळीच विटा लावल्या होत्या. थांबलं का, असं तिनं आतूनच विचारलं. थांबते, असं गोकुळा म्हणाली. ते थांबणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि का थांबणार नाही हेसुद्धा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लागलेला पाऊस पोळा बुडवून दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्यालाही, उघडला नव्हता. बैल गोठ्यातच पुजले गेले. पाडव्याला इकडे घरोघरी मासे नाहीतर मटण शिजतं. तलावाच्या पलीकडच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यानं मोसमातली पहिली मोठी मासेमारी याच दिवसासाठी राखून ठेवली होती. पण त्यांचे होडीसारखे डोंगे तलावाच्या मातीच्या पाळीवर उलटे पडून होते आणि पाळीवर येऊन गिऱ्हाईक विचारून परत जात होतं.

सिंदेवाहीच्या बाहेर, मोठ्या तलावाच्या उथळ अंगाला ही वस्ती उठली तेव्हा लेआऊट पाडून प्लॉट विकणाऱ्यानं तिला ‘सागर विहार’ असं नाव दिलं. फलकावर निळं पाणी, नारळाची झाडं आणि शिडाची होडी. खरा समुद्र पाहायचा तर रेल्वेनं रात्र काढून जावं लागतं, आणि वस्तीतल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाही नव्हता. पण नावाचा व्हायचा तो परिणाम झाला. लोकांनी घरांची तोंडं पाण्याकडे केली, व्हरांड्यात झुले टांगले, पाहुणे आले की चहाच्या आधी गच्चीवर नेऊ लागले. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरली की सगळे मोबाइल घेऊन काठावर. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उघडा पडला की खिडक्या बंद, आणि नगरपंचायतीनं काहीतरी केलं पाहिजे अशी चर्चा. पाण्यानं समोर राहावं, चांगलं दिसावं आणि जागचं हलू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

गोकुळेला याचं नवल वाटायचं. ती त्या पलीकडच्या मोहल्ल्यात जन्मली, तिथेच लग्न होऊन राहिली. तिथल्या एकाही घराचं दार तलावाकडे नाही. तलाव घराच्या मागे असतो, गोठ्यासारखा. त्याच्याकडे कामाला जायचं, पाहत बसायचं नाही. नवरा गेल्यावर मिथुननं तिला इकडे आणलं. त्याचं बसस्टँडवर मोबाइलचं दुकान चांगलं चाललं होतं. व्हरांड्यात त्यानं आईसाठी खुर्ची ठेवली, पाण्याकडे तोंड करून. ती खुर्चीत बसायची नाही. घरचं आवरलं की पाळीवरून चालत मोहल्ल्यात जायची आणि बायकांबरोबर जाळं विणायला बसायची. बायका तिला ‘सागरवाली’ म्हणायच्या. पहिल्यांदा थट्टेनं म्हणायच्या, पुढे पुढे नुसतंच.

मोरीतलं पाणी उंबरठ्यापर्यंत आलं तेव्हा समोरच्या सुगंधाबाई गुडघाभर पाण्यातून साडी खोचून आल्या. त्यांचे यजमान हायस्कूलला मास्तर होते आणि या ओळीत माडी फक्त त्यांच्याच घराला होती.

“बाळंतीनीले असं पान्यात ठेवता का वो बाई? टाके ओले हायेत तिचे. चला, आमच्या माडीवर.”

मिथुननं बायकोला उचललं. बाळ सुगंधाबाईंनी पदराखाली घेतलं आणि पाण्यातून पाय चाचपत त्या गल्ली ओलांडून गेल्या. माडीवर त्यांनी आपला पलंग दिला, शेगडी पेटवून दिली, बाळाला शेक दिला. खाली त्यांच्याही स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं आणि गव्हाची कोठी भिजत होती. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तेवढ्यात मिथुनचा मोबाइल वाजू लागला. वस्तीच्या ग्रुपवर आदेशचे संदेश एकामागून एक येत होते. आदेश कोपऱ्यावरच्या घरात राहायचा, रस्त्यांची लहानमोठी कंत्राटं घ्यायचा. त्याचा स्वतःचा जेसीबी होता. ढिवरांनी सलंगावर जाळं लावून पाणी अडवलं आहे, सगळ्यांनी तिकडे या, असं त्यानं लिहिलं होतं. खालचा संदेश मिथुननं दोनदा वाचला आणि मग मोठ्यानं वाचून दाखवला : जेसीबी निघाला आहे, जाळं निघालं नाही तर सलंगच फोडू.

तो आईकडे वळला. “आई, जाळं डबल लावलं म्हनते यंदा. खरं हाये?”

“हाव.”

“कोनं सांगतलं डबल लावाले?”

गोकुळेनं बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं. “मी,” ती म्हणाली.

तलाव भरला की जादा पाणी ज्या दगडी उंबरठ्यावरून बाहेर पडतं, तो सलंग. सलंग वाहू लागला की पाण्याबरोबर मासेही उतरतात, म्हणून मोहल्ला दर पावसाळ्यात त्याच्यावर आडवं जाळं बांधतो. गेल्या वर्षी लोंढ्यानं ते फाटलं आणि पोसून मोठे केलेले रोहू, कतला एका दुपारीत निघून गेले. दिवाळीनंतर अर्ध्या मोहल्ल्यानं घरांना कुलपं घातली आणि लोक मिरची तोडायला तेलंगणात गेले. गोकुळेच्या थोरल्या भावाची, वारलूची, नातवंडंही शाळा सोडून गेली. वारलू मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. कुलपं लागलेल्या गल्लीतून तो मान खाली घालून जायचा, जणू ती कुलपं त्यानंच लावली होती.

तो हिवाळा गोकुळेनं पाहिला होता. उन्हाळ्यात तिनं दुसरं जाळं विणलं, बारीक घरांचं. मोठं जाळं पुढे, हे त्याच्या मागे. बोटभर मासाही निसटू नये. बांधलं त्या दिवशी वारलूनं कौतुक केलं, बायकांनी हात लावून पाहिलं. मासा जाणार नव्हताच. पण बेशरमाची पानं, जलपर्णी, धानाच्या बांध्यांतून वाहत येणारा काडीकचरा, यांनाही वाट राहिली नाही, हे पाण्यात जन्म काढलेल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. गेल्या वर्षीचं नुकसान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्याच्यापलीकडचं दिसलं नाही. पावसानं तीन दिवसांत त्या जाळ्याची भिंत केली आणि भिंतीमागचं पाणी सागर विहारात गेलं.

मिथुन छत्री शोधत होता. गोकुळा तशीच निघाली.

सलंग पाळीच्या टोकाला. त्याच्या खालून नाला निघतो आणि थोडं पुढे गेल्यावर वस्तीच्या रस्त्याला आडवा जातो. तिथे पूल नाही, रपटा आहे, पाणी वरून जाऊ देणारा दगडी रस्ता. एरवी सलंग भरून वाहत असला की रपट्यावर पोटरीला ओढ लागेल इतकं पाणी असतं. आज तो नुसता ओला होता. सगळं पाणी वरच अडून बसलं होतं.

पाळीवर मोहल्ला उभा होता, आणि रस्त्याच्या अंगाला वस्ती. मध्ये वारलू, मोहल्ल्यातला पोचू आणि आणखी चारपाच जण कमरेइतक्या पाण्यात बांबूनं जाळ्यावरचा कचरा ओढत होते. एक वेटोळं ओढून पाळीवर टाकावं, तोवर त्याच जागी दुसरं येऊन चिकटत होतं. वरची दोरी ताणून ताणून काठीसारखी झाली होती.

आदेश छत्री घेऊन काठावर उभा होता. त्याचा आवाज अजून चढला नव्हता.

“वारलूभाऊ, हात जोडून सांगून राह्यलो. सरच्या घरात पानी, माह्या घरात पानी, तुमच्या सख्ख्या बहिनीच्या घरात पानी. जाळं काढा.”

“कचरा काढून राह्यलो ना. सकाळपासून आमी का इथी नाचून राह्यलो का?”

“कचऱ्यानं होते का ते? एक काढता, चार येतात.”

“पाऊस दुपारी सुटते. पानी उतरते.”

“अन् नाई उतरलं तं?”

वारलूनं बांबू टेकवला आणि त्याच्याकडे पाहिलं. “पानी काही परक्या जागी नाई आलं, आदेश. तू जिथी सोफा टाकला ना, तिथी मी शिंगाडे तोडलो.”

“रजिस्ट्री हाये माह्यापाशी.”

“मंग पान्याले दाखव.”

पाळीवर हशा पिकला. वस्तीच्या बाजूनं कोणी हसलं नाही. आदेशच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं, ते गोकुळेला दिसलं. हशा थांबल्यावर तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला की यात तुमचं तरी काय जातं? जाळं कापलं की मासे नाल्यानं खाली जातील, दुसरीकडे कुठे जाणार? रपट्यावर उभे राहा आणि धरा. पाडव्याचं गिऱ्हाईकही उभंच आहे.

सगळा मोहल्ला वारलूकडे वळला. उत्तर त्यानंच द्यायचं होतं.

“सलंग उतरला मासा आमाले चालत नाई,” तो म्हणाला.

हे वस्तीतल्या कोणाला समजलं नाही, आणि वारलूनं समजावलंही नाही. मोहल्ल्यात ते पोराटोरांना माहीत असतं. गोकुळेच्या आजोबांच्या वेळी कोणा एकानं सलंगावरचं सगळ्यांचं जाळं गुपचूप कापलं आणि खाली नाल्यात स्वतःचं पसरून ठेवलं. मोहल्ल्यात भावाभावांत काठ्या निघाल्या. तेव्हापासून असं ठरलं की सलंग उतरलेल्या माशाला कोणा ढिवरानं हात लावायचा नाही. दुसरे कोणी धरोत, बगळे खावोत. उतरला तो गेला. जाळं कापून फायदाच होणार नसेल तर ते कापण्याची बुद्धी कोणाला होणार नाही. गेल्या वर्षी एवढे मासे गेले, खालच्या गावच्या लोकांनी पोती भरून नेले. मोहल्ल्यातल्या एकानं खाली वाकून मासा उचलला नव्हता.

आदेशला आता घाई झाली होती. “तुमचा नियम तुमी सांभाळा,” तो म्हणाला. “जेसीबी निंघाला हाये. सलंगाचा तुकडा पाडतो, पानी आपोआप जाते.”

पोचू पाण्यातूनच ओरडला की सलंग फुटला तर तुकडा पडून थांबत नाही, सगळा तलाव रिता होतो. खाली सगळं गर्भातलं धान उभं आहे, ते जाईल. यंदाचं जाईल आणि पुढचंही. सुगंधाबाईंचे यजमान मध्ये पडले. तहसीलला फोन लावतो, तोवर कोणी काही करू नका, असं म्हणाले. फोन लागत नव्हता. पावसात आता टॉवरही गेला होता. आदेश म्हणाला, “सर, माह्या बापाले दमा हाये. खाटेवर हाये तो. खाटेले पानी लागलं.” ते खोटं नव्हतं.

मग सगळं एकदम जवळ आलं. बेशरमाचं एक अख्खं झुडूप मुळासकट वाहत येऊन जाळ्याला भिडलं. वारलूनं त्याच्यात बांबू घातला, झुडूप फिरलं, आणि बांबूबरोबर वारलूही. पाण्यानं त्याला जाळ्यावर दाबलं. डोकं दिसत होतं, खांदा दिसेना. मिथुन कपड्यांसकट उतरला. पोचूनं आणि त्यानं मिळून त्याला ओढून काढलं तेव्हा म्हाताऱ्याच्या गालावर दोरीचा वळ उठला होता आणि तो खोकत होता.

“मामा, कापू द्या आता,” मिथुन म्हणाला. “मानूस जाईन.”

वारलूनं भाच्याचा हात खांद्यावरून काढला. “तू कोन्या बाजूनं बोलून राह्यला?”

मिथुन ओलाचिंब उभा राहिला, ना पाळीवर ना रस्त्यावर.

त्याच वेळी रस्त्याच्या वळणावर पिवळा रंग दिसला. दिवे लावून जेसीबी येत होता. रपट्याच्या पलीकडे तो थांबला, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून अंदाज घेतला. आदेशनं छत्री हलवली : ये, पानी नाई हाये, ये.

गोकुळा पाळीवर बायकांच्या घोळक्यात येऊन उभी होती. वारलूची बायको गिरजाबाई तिच्या शेजारी. कचरा कापायला आणलेले विळे टोपलीत पडले होते. गोकुळेनं एक उचलला.

“तुले लेआऊटानं पाठवलं का वो?” गिरजाबाई हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते लागलं.

गोकुळा उतरली. वारलू पाळीच्या उतारावर बसून दम घेत होता. तिच्या हातातला विळा पाहून तो उठला.

“गोकुळा, मांगं फिर.”

“दादा, मासे गेले तं या सालीचं कुलूप. सलंग गेला तं कायमचं.”

“ते काय मले समजत नाई?” तो म्हणाला. त्याला अजून धाप लागत होती. “पन कापाचं कोनं? ज्यानं कापलं त्याचं नाव राह्यते. माह्या आज्यानं ज्याले मोहल्ल्याबाहेर काढलं, त्याच्या नातवाले आजबी जाळंकाप्याच म्हनतात.”

“मले म्हना. मी तं तशीबी सागरवाली.”

रपट्यावर इंजिनाचा आवाज वाढला. जेसीबीची पुढची चाकं ओल्या दगडावर आली होती.

वारलूनं हो म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही. डोंग्याची दोरी त्याच्या कमरेला गुंडाळलेली होती. ती त्यानं सोडली, गोकुळेच्या कमरेला दोन वेढे दिले, गाठ मारली, गाठ ओढून पाहिली. दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून तो पाळीच्या दगडाला पाय लावून बसला. पोचूला त्यानं मागे बसवलं.

सलंगाचा उंबरठा शेवाळानं बुळबुळीत. गोकुळा रांगतच गेली. जाळ्याची गाठ अलीकडच्या खुंटाला कापली असती तर सगळा पसारा तिच्या अंगावर येणार होता. म्हणून तिला पार पलीकडच्या खुंटापर्यंत जायचं होतं. डाव्या हाताला तलाव, छातीपर्यंत उंच, हिरवा, स्तब्ध. उजव्या हाताला खोलगट आणि रिकामा नाला. मध्ये तिच्या हाताचं सूत. वाटेत एकदा तिचा गुडघा सरकला आणि कमरेची दोरी ताठ झाली. दोरी ढिली झाल्यावर ती पुढे गेली.

पुढचं मोठं जाळं आधी कापलं. ते सुटलं तरी जागचं हललं नाही, कचऱ्यानं धरून ठेवलं होतं. मग तिनं मागच्याला हात घातला. उन्हाळाभर मिथुनच्या व्हरांड्यात, रात्री सगळे झोपल्यावर फरशीवर बसून तिनं याची गाठ न् गाठ मारली होती. खुर्ची शेजारी रिकामी असायची. विळ्याला ते सहज तुटेना. करवतीसारखा विळा मागेपुढे करताना ती दात खाऊन काहीतरी पुटपुटत होती. मिथुनला काठावरून वाटलं, आई देवाचं नाव घेते आहे. ती जाळ्याला शिव्या देत होती.

दोरी तुटली त्याचा आवाज झाला नाही. जाळं दारासारखं उघडलं. कचऱ्याची भिंत क्षणभर तशीच उभी राहिली, वाकली, आणि तलाव तिच्यावरून गेला. गोकुळेचे पाय उचलले गेले. वारलू आणि पोचूनं तिला ओढलं. दगडावरून घासत, कोपर सोलत ती पाळीच्या कडेला येऊन लागली. वारलूनं तिला उभं केलं नाही, बसवलंही नाही. दोरी मनगटावरून सोडवली आणि तो नाल्याकडे पाहत राहिला.

लोंढा रपट्यावर पोहोचला तेव्हा जेसीबी मधोमध होता. ड्रायव्हर शहाणा निघाला. त्यानं आदेशच्या छत्रीकडे न बघता गाडी मागे घेतली. चाकांना पाणी लागलं, वाढलं, आणि वस्ती व जेसीबी यांच्यामध्ये तपकिरी नाला उभा राहिला. तो उतरेपर्यंत आता कोणाला काही फोडता येणार नव्हतं, आणि फोडण्याचं कारणही उरलं नव्हतं. वस्तीतून कोणीतरी ओरडत आलं की गल्लीतलं पाणी हलायला लागलं आहे, पायरी दिसू लागली आहे.

मग मासे आले.

आधी एखाददुसरा, पाठ चमकवत. मग लोंढ्याबरोबर सगळे. रपट्याच्या पाण्यात चंदेरी उसळ्या दिसू लागल्या. पाऊस उणावला होता. लोंढ्याचा पहिला जोर ओसरला तशी वस्तीची माणसं बादल्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन रपट्याच्या काठाला धावली. सकाळपासून पाण्याला शिव्या घालणारे लोक आता त्याच पाण्यात हसत होते, घसरत होते, एकमेकांना हाका मारत होते. सुगंधाबाईंचे यजमान पॅन्ट दुमडून उतरले. पलीकडे ड्रायव्हरनं जेसीबीचा जबडा पाण्यात टेकवला होता आणि त्याच्यात आपसूक शिरणारे मासे तो वरून मोजत होता. आदेशनं हातभर लांबीचा कतला छातीशी धरला होता. त्याला तो कसा धरावा ते कळत नव्हतं.

पाळीवर मोहल्ला उभा होता. पोचूच्या बायकोनं तोंडाला पदर लावला होता. कोणी उतरलं नाही.

मिथुन रपट्याच्या कडेला होता. त्याच्या पायापाशी एक रोहू दगडात अडकून तडफडत होता. त्यानं वाकून तो उचलला, आणि मग वर पाहिलं. गोकुळा त्याच्याकडे पाहत नव्हती, वारलूही नाही. तरी त्यानं मासा पुन्हा पाण्यात सोडला आणि हात पॅन्टला पुसले.

अलीकडचा खुंटही उपटून जाळं रपट्याच्या खाली, नाल्यातल्या बाभळीला जाऊन अडकलं होतं. वारलू उतरला. जाळं टाकून देत नाहीत. फाटकं असलं तरी घरी न्यायचं. तो लोकांमधून वाट काढत निघाला. रपट्यावर एक मोठा मासा येऊन त्याच्या घोट्याला टेकला. त्यानं पाय थोडा बाजूला घेतला, मासा पुढे गेला, आणि तो चालत राहिला. बादलीवाल्या दोघांनी त्याला वाट दिली.

गोकुळा त्याच्या मागे गेली. कोपरातून रक्त येत होतं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पण बाभळीपाशी पोहोचल्यावर जाळ्याची एक बाजू त्यानं धरली आणि दुसरी मोकळी सोडली, एक माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून. ती तिथे उभी राहिली.

जाळ्यात मासे होते. लोंढ्यात गुरफटून आलेले, बारीक घरांत कल्ले अडकलेले, पुष्कळ. वारलूनं पहिला मोकळा केला आणि पाण्यात सोडला. मग दुसरा. गोकुळा आपल्या बाजूनं सोडवू लागली. दोघांच्या बोटांना ते काम पाठ होतं. फरक एवढाच की आजवर सोडवलेला मासा टोपलीत जायचा. खाली थोड्या अंतरावर मच्छरदाणी ताणून उभे असलेले लोक आधी बघत राहिले, आणि मग त्यांनी मच्छरदाणी थोडी वर, या दोघांच्या बाजूला सरकवली.

पाणी उतरल्यावर तिकडे आलेल्या सुगंधाबाईंना राहवलं नाही. त्या काठावरून म्हणाल्या, “अहो भाऊ, एवढे हातात आलेत. एखादा तरी घरी न्या. पाडवा हाये आज.”

“आज आमच्या घरी पिठलं हाये,” वारलू म्हणाला. मग माशावरची नजर न काढता तो बहिणीला म्हणाला, “येशीन जेवाले?”

“येतो.”

तिच्या हातातल्या कतल्याच्या कल्ल्यात सूत रुतून बसलं होतं. ते निघेना. तिनं दातानं जाळ्याचं सूत तोडलं, मासा दोन्ही हातांत धरून पाण्याखाली नेला आणि बोटं उघडली. तो लगेच गेला नाही. शेपटी हलवत, प्रवाहाच्या उलट, तलावाकडे तोंड करून तो तिच्या हातांमध्ये उभा राहिला. मग पाण्यानं त्याला हळूच वळवलं आणि नेलं.